धुराचं दूध

त्या घरात दुधाची दोन पातेली होती. एक ॲल्युमिनियमचं, पोचे आलेलं. त्यातलं दूध चहात जायचं, तेही चहाला लाज वाटू नये इतकंच. दुसरं स्टीलचं, घट्ट झाकणाचं. ते उंच फळीवर असायचं आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्याचं नाव ‘धुराचं दूध’. नवा माणूस ते ऐकून विचारायचा, “करपलंय का?” मग घरची बाई हसून सांगायची, “नाही हो. यांच्या छातीसाठी आहे ते. दिवसभर धूर खातात ना.”

ही बाई वेल्डरची बायको. आयुष्यात तिने कधी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नव्हता की ठिणगीकडे नीट पाहिलं नव्हतं, पण गल्लीने तिला वेल्डरीण म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की भाजीवालाही “वेल्डरीणबाई, आज काय देऊ?” असं विचारायचा. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटायचं. नवऱ्याच्या धंद्यात आपलाही हिस्सा आहे असं ती मानायची. त्याने लोखंड जोडायचं आणि तिने त्याची छाती सांभाळायची, असं ते वाटप होतं. वर्कशॉपात त्याला ‘पोलाद’ म्हणत. पोलाद पोलाद राहिला तो आपल्यामुळे, हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण मनात पक्कं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी मात्र तिची पाचावर धारण बसली होती. नवरा संध्याकाळी कामावरून आला, जेवायला बसला आणि पहिला घास घेऊन म्हणाला, “भाजीत साखर घातलीस?”

“साखर? नाही हो.”

“मग आला म्हणायचा,” तो म्हणाला आणि ताट सरकवून आडवा झाला.

घटकाभरात त्याला अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. घरातली पांघरुणं झाली, चटई झाली, शेवटी तिने आपले लग्नातले नवे कपडे काढून त्याच्यावर घातले आणि दाराशी बसून रडली. सासरच्यांनी रोगी माणूस गळ्यात मारला, याबद्दल तिला शंकाच उरली नाही. सकाळी डोळा उघडला तर हा घामाने निथळलेला, पण ठणठणीत, आरशासमोर उभा राहून दाढी विंचरतोय.

“घाबरलीस होय? अगं, जस्ताचा ताप तो. आमच्या धंद्यातला पाहुणा. संध्याकाळी येतो, सकाळी चहा न घेता जातो.”

“रोज येतो?”

“छे! सोमवारचा येतो. बाकीचे दिवस त्याला आमची भीती वाटते.”

पोलादच्या वर्कशॉपात पाण्याच्या टाक्या, जिन्यांचे कठडे, फाटकं असलं काम चाले. माल बहुतेक जी.आय.चा, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आणि पत्रा. साध्या लोखंडावर वेल्डिंगचा रॉड टेकवला तर ठिणग्या उडतात आणि थोडा धूर होतो. या जस्तावर टेकवला की पांढराशुभ्र लोट उठतो आणि त्यातून कापसाच्या तंतूंसारखं काहीतरी हवेत तरंगत राहतं. संध्याकाळी घरी जाणारा प्रत्येक माणूस पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा दिसायचा. पंखा होता, पण तो मालकाच्या टेबलावर, मालकाकडे तोंड करून.

ज्या उस्तादाने पोलादला काम शिकवलं होतं, त्याने सांगून ठेवलं होतं: जस्ताच्या कामाला बसण्याआधी एक ग्लास दूध, उठल्यावर एक ग्लास. दूध धुराला धरतं आणि खाली घेऊन जातं.

“त्या उस्तादाचं पुढे काय झालं?” वेल्डरिणीने एकदा विचारलं होतं.

“काय व्हायचंय. खोकून खोकून गेला.”

“मग?”

“मग काय मग? शेवटी शेवटी दूध सोडलं होतं त्याने.”

हे ऐकल्यापासून वेल्डरिणीने दुधात कधी खाडा पडू दिला नाही. अंगात कणकण असली तरी उठून दूध तापवायची, बाटलीत भरायची, फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायची. संध्याकाळचं पातेल्यात झाकलेलं असायचं. मंगळवारपासून शनिवारपर्यंत ताप यायचा नाही. ते दुधाचं यश. सोमवारी यायचा, तर त्याचं खापर फोडायला रविवार होताच.

घरात दूध यायचं ते एवढंच. पुढे मुलगी झाली, चालायला-बोलायला लागली, तिला चहात पाव बुडवून मिळायचा. ती फळीवरच्या पातेल्याकडे बघत पाव खायची. एकदा वेल्डरीण बाहेर कपडे वाळत घालून आत आली, तर पोरगी काजळी धरलेल्या स्टोवर वाकून, आ वासून उभी. वात खालीवर झाली होती आणि काळ्या धुराचा भपकारा सरळ तिच्या तोंडात जात होता. आईने बखोटीला धरून तिला मागे ओढलं, पाठीत एक धपाटा घातला.

“मरायचंय का, कार्टे?”

पोरगी खोकत खोकत म्हणाली, “मी पण धूर खाल्ला. आता दे.”

वेल्डरिणीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. शेजारणीला बोलावून सांगितलं, संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तोही हसला. पुढे कित्येक वर्षं गल्लीत कुणी लबाडी केली की बायका म्हणायच्या, “हं, खाल्लास का धूर?” त्या दिवशी सगळे हसत होते तेव्हा मुलगी डोळे पुसत बाजूला उभी होती. दूध काही तिला मिळालं नाही. त्या दिवशीही नाही.

आता सोमवारची गोष्ट. बाकीचे पाच दिवस ज्या धुराने काही होत नाही, त्याच धुराने सोमवारी ताप कसा चढतो? यावर वर्कशॉपातल्या मंडळींनी जेवणाच्या सुट्टीत पुष्कळ डोकं चालवलं होतं आणि निष्कर्ष काढला होता: एक दिवस धूर मिळाला नाही की अंग जस्ताला विसरतं. इथवर त्यांचं चुकलं नव्हतं. पण यावरचा इलाज त्यांनी असा काढला, की विसरूच द्यायचं नाही. शनिवारी कामावर नाकातोंडाला बांधलेलं फडकं न झटकता घडी घालून घरी न्यायचं आणि रविवारी मधूनमधून हुंगायचं. पोलाद ते उशाखाली ठेवायचा. चहा झाला की एकदा, जेवण झालं की एकदा, फडकं नाकाशी धरून खोल श्वास घ्यायचा आणि लहान पोराला ओळख विचारावी तसा छातीवर थाप मारून म्हणायचा, “काय, आहे ना लक्षात?”

नवी नवरी असताना वेल्डरिणीने ते फडकं एका रविवारी कळकट म्हणून धुऊन टाकलं. दोरीवर ते पांढरंस्वच्छ फडफडताना बघून त्याने घर डोक्यावर घेतलं. सोमवारी व्हायचा तोच प्रकार झाला, खाट वाजली. तेव्हापासून घरातलं प्रत्येक चिरगूट चोळून चोळून धुणारी ही बाई त्या एका फडक्याला पाण्याजवळ जाऊ देत नसे. शनिवारी ते त्याच्या हातातून ती स्वतः घ्यायची, दोन हातांवर, धूळ सांडणार नाही अशा बेताने.

मुलगी मोठी झाली आणि तिने सगळ्यांना चकित केलं. शाळा संपल्यावर तिने सरळ तंत्रशाळेत वेल्डिंगला नाव घातलं. गल्ली म्हणाली, वेल्डरिणीच्या पोटी खरी वेल्डरीण. पोलादची छाती चार बोटं फुगली. परीक्षा पास होऊन ती दुसऱ्या गावी मोठ्या कारखान्यात लागली आणि पहिल्यांदा सुट्टीवर आली ती एक खोकं घेऊन. खोक्यात राखाडी रबराचा मुखवटा होता, दोन्ही गालांना दोन गोल फिल्टर.

“बाबा, हा तुमच्यासाठी. आणि हे बघा, तुम्ही तो मुलामा काढत का नाही आधी? जोडायच्या जागी दोन्हीकडून चार-चार बोटं ग्राइंडर मारायचा, खालचं लोखंड उघडं करायचं. मुखवटा घालूनच, धूळ उडते. मग तिथे जस्तच नाही, तर धूर कुठला?”

“आणि त्या वेळाचा हिशेब मालकाला कोण देणार? तू?”

“पंखा तरी मागा. बाजूने, धूर तोंडावरून ओढून बाहेर नेणारा. आणि मान धुरात घालू नका. तुम्ही हल्ली फार वाकता.”

हे खरं होतं. डोळे अधू झाले तसा पोलाद कामावर अधिकाधिक वाकत चालला होता. धुराचा लोट त्याच्या काळ्या काचेच्या ढालीखालून सरळ वर शिरायचा. पण ते त्याला कुणी सांगायचं नाही, असं घरात ठरून गेलं होतं. वेल्डरीण मध्ये पडली.

“दूध पितात ते. रोज पितात.”

“आई, दूध पोटात जातं. धूर फुफ्फुसात जातो. दोघांची गाठच पडत नाही कधी. मधल्या दिवसांत ताप येत नाही तो अंगाला सवय होते म्हणून. दुधाने काही होत नाही.”

“म्हणजे इतकी वर्षं मी काय पाणी पाजलं यांना?”

“पाणी पाजलं असतंस तरी तेवढंच झालं असतं.”

मुलगी हे चिडून बोलली नाही. नुसतं बोलली, आणि बोलता बोलता तिची नजर क्षणभर फळीकडे गेली. वेल्डरिणीने ती पाहिली. तिला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. दूध फुकट, तर मग पहाटेची ती उठाठेव फुकट. आणि ते एक वेळ चाललं असतं, पण मग पोरीच्या चहातला तो पाव... पुढे विचार करायची तिची तयारी नव्हती. ती म्हणाली, “चार बुकं शिकलीस म्हणून आईला अक्कल शिकवू नकोस. यांची छाती तुझ्या पुस्तकात नाही, माझ्या हातात आहे.”

मुलगी वडिलांकडे वळली. “आणि बाबा, प्रत्येक मुलामा जस्ताचाच असतो असं नाही. कॅडमियम नावाच्या धातूचाही असतो. त्याच्या धुराने थंडी अशीच वाजते, ताप असाच चढतो. फक्त तो सकाळी जात नाही.”

“ओळखायचा कसा?”

“बघून ओळखता येत नाही. माल कुठला ते विचारायचं. नाही कळलं तर रॉड टेकवायचाच नाही.”

“असं करत बसलो तर मालक मला घरीच पाठवेल,” पोलाद म्हणाला. “दूध प्यायला.”

लेकीचा मान राखायला म्हणून एका सोमवारी तो मुखवटा घालून कामाला बसला. वर्कशॉपात सगळे पोट धरून हसले. कुणी म्हणालं, पोलादला सोंड फुटली. कुणी म्हणालं, दोन सोंडा. मुखवटा त्याच्या दाट दाढीवर बसला होता, त्यामुळे कडेने ही मोठी फट राहिली होती आणि धूर तिथून निवांत आत येत होता. मुखवटा आहे म्हणून त्या दिवशी दूध घेतलं नाही. संध्याकाळी भाजी गोड लागली, आणि खाट वाजली.

“दूध पिऊन येत नाही, मुखवटा घालून येतो,” तो पांघरुणातून म्हणाला. “घ्या, शास्त्र घ्या.” सोमवारी दूध पिऊनही ताप येतच होता, हे त्या घरात कुणाला आठवलं नाही.

मुलीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, “आई, त्यांना दाढी काढायला सांग. दाढीवर तो घट्ट बसतच नाही. तू सांगितलंस तर काढतील.”

ते खरं होतं. वेल्डरिणीने एक शब्द टाकला असता तर पोलादने कुरकुर करत का होईना, दाढी उतरवली असती. तिचं तो ऐकायचा. पण ती शब्द टाकेना. मुखवटा चालला असता तर दूध हरलं असतं. तिने मुखवटा दाराजवळच्या खिळ्याला टांगला आणि पुढे त्याच्या पट्ट्यात किल्ल्या अडकवायला लागली.

असाच काळ गेला. पोलाद जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागला. थांबून चपलेचा अंगठा नीट करायचा, म्हणजे कुणाला कळू नये. वेल्डरीण दुधाचा ग्लास काठोकाठ भरायला लागली.

मग एका गुरुवारी तो संध्याकाळी आला आणि न जेवताच खाटेवर बसला. अंगावर शहारे होते.

“आला वाटतं,” तो म्हणाला.

“आज?” वेल्डरीण म्हणाली. “आज तर गुरुवार.”

“चुकला असेल वार. म्हातारा झाला तोही.”

“तोंड गोड झालंय?”

त्याने जीभ फिरवून पाहिली. “नाही. घसा मात्र सोलल्यासारखा झालाय. टाकीच्या आत बसलो होतो ना दिवसभर. वरचं झाकण एवढंसं, खाली मी आणि धूर. मालकाने कुठल्याशा जुन्या मशीनचे ब्रॅकेट आणलेत भंगारातून, मुलामा दिलेले. टाकीला आतून तेच लावायचे. सोन्यासारखी झाक आहे बघ त्यांना. चांगला माल.”

तिने त्याच्या खांद्यावरून फडकं उतरवलं. दोन हातांवर घ्यायची सवयच होती तिला. दिव्याखाली बघितलं आणि तशीच उभी राहिली. आजवर तिने अशी कितीतरी फडकी सांभाळली होती, सगळी पांढरी, पीठ सांडल्यासारखी. हे तपकिरी होतं. विटेचा चुरा बसावा तसं.

त्या घरात, त्या गल्लीत, त्या वर्कशॉपात जस्ताचा ताप तिच्याइतका कुणी ओळखत नव्हतं. तो सोमवारी येतो. तोंड गोड करून येतो. पांढरा असतो. यातलं एकही आज जुळत नव्हतं. सकाळी न जाणाऱ्या तापाबद्दल लेक काय म्हणाली होती, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. टेबलावर फोन होता. तिने तो उचललाही. पण लेक पहिला प्रश्न काय विचारणार, हे तिला ठाऊक होतं: “आणि तू काय दिलंस त्यांना?” त्यावर सांगायला तिच्याकडे एकच गोष्ट होती. तिने फोन खाली ठेवला आणि दूध तापवायला घेतलं.

“सकाळपर्यंत जाईल,” नवरा म्हणाला.

“जाईलच,” ती म्हणाली.

सकाळी गेला नाही. “पाहुणा मुक्कामाला राहिला,” पोलाद म्हणाला, पण तेवढं बोलायलाही त्याला मध्ये थांबावं लागलं. तिने पुन्हा दूध दिलं. दुपारी पुन्हा. संध्याकाळी तो बसून श्वास घेऊ लागला, कारण आडवं झालं की घेता येईना, आणि त्याचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा तिने लेकीला फोन केला. लेकीने काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. चालवू नकोस, उचलून ने. मी निघते.” गल्लीतल्या माणसांनी त्याला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं. वेल्डरिणीने पिशवी भरली: टॉवेल, पेला, दुधाची बाटली. दाराबाहेर पडता पडता ती परत आत गेली आणि ते फडकंही घेतलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “कशावर काम करत होते?”

“लोखंडावर.”

“लोखंडावर मुलामा कशाचा?”

“ते मालकाला ठाऊक. भंगारातला माल होता,” वेल्डरीण म्हणाली. सकाळी लेक आली, तिने दवाखान्यातूनच मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, “जस्तच असणार, दुसरं काय? भंगाराला का कुणी दाखला देतं?” मग वेल्डरिणीने पिशवीतून फडकं काढून पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी ते चिमटीत धरून एका पिशवीत घातलं. तपासायला पाठवू म्हणाल्या; पण उपचार त्यासाठी थांबणार नाहीत, फुफ्फुसं आतून भाजल्यासारखी झालीत आणि त्यात पाणी भरतंय, हा साधा जस्ताचा ताप नाही.

लेक त्या पिशवीकडे बघत होती. “आई, हा रंग कधी पाहिलास तू?”

“गुरुवारी.”

“गुरुवारी पाहिलास?”

“हो.”

लेकीने चार शिव्या दिल्या असत्या तर वेल्डरिणीला बरं वाटलं असतं. ती बाकावर आईच्या शेजारी बसली, मध्ये दुधाची बाटली. बाटली तिथेच नासली.

पोलाद वाचला. वाचला म्हणजे घरी आला. फुफ्फुसांचा जो भाग गेला होता तो परत येणार नव्हता. खाटेपासून मोरीपर्यंत जायला त्याला दोन ठिकाणी भिंत धरावी लागायची, आणि जिना तर आता फक्त येणाऱ्या लोकांसाठी होता. फडक्याच्या तपासणीत जे निघायचं तेच निघालं, कॅडमियम. मालकाने उरलेले ब्रॅकेट गुपचूप दुसऱ्या भंगारवाल्याला विकले. ते आता कुठल्या वर्कशॉपात गेले, देव जाणे.

वर्कशॉपातली माणसं भेटायला आली. पोलाद खाटेवर उशांना टेकून बसला होता. बोलताना त्याला वाक्य तोडून तोडून घ्यावं लागायचं, तरी मिश्कीलपणा गेला नव्हता.

“डॉक्टर म्हणाल्या... दुसरा कुणी असता तर... गेला असता. मी कसा राहिलो? सांगा.”

“कसा?”

“दूध,” तो म्हणाला, आणि हाताने बायकोकडे दाखवलं. “एक दिवस... खाडा नाही.”

सगळ्यांनी वेल्डरिणीकडे आदराने पाहिलं. तिला बोलायचं होतं. लोकांसमोर नवऱ्याला तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून ती चहा करायला वळली. पुढच्याच आठवड्यात गल्लीत बातमी आली की मालकाला उपरती झाली आहे: पंख्याचा विषय मागे पडला, पण कामगारांना रोज सकाळी वर्कशॉपातर्फे दूध सुरू झालं आहे. कॅन येतो. रांग लागते. पोलादच्या नावाने माणसं ग्लास वर करतात म्हणे.

लेक दर रविवारी येऊ लागली. अशाच एका रविवारी दारात एक तरुण बाई आली, कडेवर रांगतं मूल. पोलादच्या जागेवर ज्याला घेतलं होतं, त्याची बायको.

“काकू, एक विचारायचं होतं. वर्कशॉपातलं दूध अगदीच पाणीदार असतं, हे म्हणतात. म्हणून मी घरून द्यायचं ठरवलंय. तुम्ही कसं द्यायचात? आधी की नंतर?”

खाटेवर पोलादने मान वर केली. लेक खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होती, तिने पान उलटलं नाही. वेल्डरिणीने त्या कडेवरच्या पोराकडे पाहिलं. पोर फळीवरच्या चकचकीत पातेल्याकडे बघत होतं.

“याला दे,” वेल्डरीण म्हणाली.

“काय?”

“दूध. या पोराला दे. दुधाने काही होत नाही.”

“असं काय म्हणता, काकू? काकांना तर दुधानेच—”

“काही केलं नाही दुधाने. तुझ्या नवऱ्याला दाढी आहे?”

“आहे. का?”

“काढायला सांग.” तिने खिळ्यावरचा मुखवटा काढला, पट्ट्यातल्या किल्ल्या सोडवल्या. “हा घे. चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, कडेने वारा शिरता कामा नये. फिल्टर जुने झालेत, नवे आणावे लागतील. ते कुठले, हे माझी लेक सांगेल. जोडायच्या जागचा मुलामा आधी घासून काढायचा म्हणावं. आणि ज्या मालाचा पत्ता नाही, त्याला हातच लावायचा नाही.”

त्या बाईने मुखवटा घेतला, पण असा, की कुणी उष्टी ताटली हातात द्यावी. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते वेल्डरिणीने ओळखलं. अगदी असंच तोंड तिने स्वतः केलं होतं, लेकीसमोर. बाई खाटेकडे वळली. “काका, तुम्ही सांगा.”

पोलादने बायकोकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि दोन बोटं वर केली.

“आधी एक,” तो म्हणाला. दम घेतला. “नंतर... एक.”

बाई समाधानाने हसली. मुखवटा तिने खुर्चीवर ठेवला आणि पोराला सावरत जिना उतरून गेली.

वेल्डरिणीने फळीवरून पातेलं काढलं आणि दूध तापत ठेवलं. वर आलं तसं ग्लासात ओतलं, काठोकाठ. खाटेकडे न जाता ती खिडकीशी गेली आणि ग्लास लेकीसमोर धरला.

“घे.”

लेकीने वर पाहिलं. ग्लासाकडे, मग आईकडे. तिचा हात पुढे आला आणि मधेच थांबला.

“मला नाही गं आवडत दूध,” ती म्हणाली. “वासच नको वाटतो. सवय नाही ना.”

ग्लासाच्या कडेवर साय धरायला लागली होती. वेल्डरीण तो तसाच धरून उभी राहिली.

“मग... इकडे आण,” खाटेवरून आवाज आला. “वाया कशाला घालवतेस?”

तिने ग्लास त्याच्याकडे नेला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि घोट घोट पाजायला लागली. प्रत्येक घोटानंतर त्याला थांबावं लागत होतं.